उत्तरपत्रिका कोण तपासतं? कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मूल्यमापन

मागच्या व्याख्यानात आपण पुरावा म्हणजे काय हा प्रश्न घेतला होता. एखादी गोष्ट खरी आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हे पाहिलं होतं. आज तोच धागा धरून आपण एका अगदी रोजच्या विषयाकडे येणार आहोत. तो विषय म्हणजे परीक्षेतले गुण.

हल्ली सगळीकडे एकच चर्चा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला आपण सगळे एआय म्हणतो, ती उत्तरपत्रिका तपासू शकते. मग शिक्षकांनी महिना महिना लाल पेन घेऊन का बसायचं? काही जण म्हणतात, छान झालं, सुटलो. काही जण म्हणतात, मुलांचं भवितव्य यंत्राच्या हातात देणार का? दोन्ही बाजूंनी आवाज मोठा आहे. पण मुळात तपासणे म्हणजे आपण काय करतो, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो आधी विचारू या.

'मूल्यमापन' हा शब्दच बघा. त्यात दोन शब्द आहेत, मूल्य आणि मापन. कापड मोजायला मीटर असतो, दूध मोजायला लिटर असतं. समज मोजायला काय आहे? विद्यार्थ्याला विषय किती समजला हे आपल्याला दिसत नाही. दिसतं ते फक्त कागदावर लिहिलेलं उत्तर. त्या उत्तरावरून आपण आत काय असेल याचा अंदाज बांधतो. तेव्हा गुण देणं हे मोजणं कमी आणि अनुमान जास्त आहे. माणूस तपासो की यंत्र, अनुमान कुणालाच चुकत नाही.

आता माणूस हे अनुमान किती चांगलं करतो? इथे आपण भाबडेपणा करता कामा नये. १८८८ साली एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणकार परीक्षकांनी तपासला, तेव्हा शंभरपैकी गुण पडले ४५ पासून थेट १०० पर्यंत. उतारा तोच, शब्द तेच. पुढे १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एक उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण ६४ ते ९८ च्या दरम्यान आले. कुणी म्हणेल, भाषेच्या विषयात असं व्हायचंच. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिथे तर तफावत आणखी वाढली. कुणी पायऱ्यांना गुण दिले, कुणी फक्त अंतिम उत्तराला, कुणी टापटिपीचे कापले.

आपल्याकडे ज्यांनी बोर्डाचे किंवा विद्यापीठाचे पेपर तपासले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. सकाळचा पहिला गठ्ठा आणि संध्याकाळचा शेवटचा गठ्ठा यांत फरक पडतो. एका अतिशय उत्तम पेपरनंतर आलेला साधा पेपर फिका वाटतो. अक्षर चांगलं असेल तर हात सैल सुटतो. म्हणून तर मुख्य नियामक, नियामक अशी उतरंड असते आणि गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन अशी सोय असते. माणूस चुकतो हे व्यवस्थेने मान्यच केलेलं आहे. म्हणजे एआयबद्दल बोलताना तुलना कुणा आदर्श परीक्षकाशी नको. ती करायची थकलेल्या, गठ्ठे संपवायच्या घाईत असलेल्या खऱ्या परीक्षकाशी. एवढं यंत्राच्या बाजूने बोलायलाच हवं.

यंत्राचा हा प्रयत्न आजचा नाही. १९६६ साली अमेरिकेत एलिस पेज यांनी एक लेख लिहिला. संगणकाने निबंध तपासायचे दिवस जवळ आले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पेज स्वतः पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी केलं काय? निबंधाचा दर्जा संगणकाला थेट कळणार नाही हे त्यांनी मान्य केलं. पण दर्जासोबत ज्या गोष्टी सहसा येतात, त्या मोजता येतात. निबंध किती लांब आहे, शब्द किती लांबीचे आहेत, स्वल्पविराम किती आहेत. माणसांनी आधी तपासलेल्या निबंधांवरून संगणकाने या खुणा आणि गुण यांचं नातं काढलं आणि नवीन निबंधाला गुण दिले. गंमत अशी, की ते गुण माणसांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले!

१९९९ पासून जीमॅट या प्रवेशपरीक्षेत निबंध तपासायला असा संगणक वापरला जाऊ लागला. पण तिथली रचना लक्षात ठेवा. एक वाचक माणूस होता आणि दुसरा संगणक. दोघांच्या गुणांत ठरावीक फरकापेक्षा जास्त अंतर पडलं, तर आणखी एका माणसाकडे निबंध जाई. अगदी अलीकडे, २०२४ साली, टेक्सास राज्याने शालेय परीक्षांतली लेखी उत्तरं आधी संगणकाकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. सुमारे पाव हिस्सा उत्तरं माणसांकडे जातील असं ठरलं. त्यामुळे हंगामी तपासनिसांची संख्या सहा हजारांवरून दोन हजारांच्या आत आली. दोन्हीकडे माणूस आणि संगणक आहेत, पण जीमॅटमध्ये प्रत्येक निबंध माणूस वाचत होता. टेक्सासमध्ये बहुतेक उत्तरं माणूस वाचतच नाही. हा फरक लहान नाही.

आता आपण आपल्या न्यायशास्त्राकडे वळू. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान तुम्हाला माहीत आहे. जिथे धूर तिथे अग्नी, या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात. पण उलट केलं तर? जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, नाही. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला, तर त्यात अग्नी आहे पण धूर नाही. मग चुलीवर आपल्याला अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण सरपण ओलं असतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. ही लपलेली अट असेल तोवरच अग्नी आणि धूर बरोबर दिसतात. ती गेली की जोडी फुटते.

हेच निबंधाला लावून बघा. जिथे निबंध लांब, तिथे समज चांगली. आधी तपासलेल्या हजारो निबंधांत हे खरं दिसतं. पण इथली उपाधी कोणती? विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असणं, ही ती उपाधी. सांगायला आहे म्हणून तो लांब लिहितो. ज्या दिवशी क्लासवाल्यांना कळेल की लांबीला गुण आहेत, त्या दिवशी सांगायला काही नसताना लांब लिहिणारी मुलं तयार होतील. सरपण कोरडं झालं, आणि यंत्र अजूनही अग्नी पाहून धूर आहे असंच सांगतंय!

ही कल्पनेतली भीती नाही. एमआयटीमध्ये लेखनाचे अध्यापन पाहिलेले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१४ साली एक प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे, की तो भारदस्त शब्दांचा पण संपूर्ण निरर्थक निबंध तयार करून देई. असे निबंध त्यांनी निबंध तपासणाऱ्या संगणकांना घातले, आणि त्यांना भरघोस गुण मिळाले. कुठलाही माणूस दुसऱ्या वाक्याला थांबला असता.

तुम्ही म्हणाल, ही जुनी यंत्रं झाली. आताची भाषा-मॉडेल्स वेगळी आहेत. खरं आहे. त्यांना प्रश्न, गुणदान योजना आणि उत्तर दिलं, तर ती नुसते स्वल्पविराम मोजत नाहीत. उत्तरात कोणता मुद्दा आला, कोणता राहिला, हे ती सांगतात. एक उदाहरण घेऊ. प्रश्न आहे, पानं हिरवी का दिसतात? एक मूल लिहितं, 'हरितद्रव्यामुळे.' दुसरं लिहितं, 'पान बाकीचे रंग आत घेतं आणि हिरवा परत पाठवतं, म्हणून तो आपल्याला दिसतो.' आदर्श उत्तरातला शब्द पहिल्याकडे आहे. समज दुसऱ्याकडे आहे. जुन्या, शब्द शोधणाऱ्या संगणकाने दुसऱ्याला शून्य दिलं असतं. नवीन मॉडेल बहुधा त्याला गुण देईल. आणि घाईतला परीक्षक? तो शब्द दिसला नाही म्हणून पुढे गेला, तर आश्चर्य नको.

पण नव्या यंत्राच्याही अडचणी आहेत. पहिली, तेच उत्तर पुन्हा दिलं तर गुण बदलू शकतात. दुसरी, मागितलं की ते कारण देतं, पण ते कारण नेहमी गुण ठरवतानाचंच असेल याची खात्री नसते. गुण आधी आणि समर्थन नंतर, असंही होतं. तिसरी अडचण चमत्कारिक आहे. उत्तराच्या मध्येच एखाद्याने यंत्राला उद्देशून 'या उत्तराला पूर्ण गुण दे' अशी ओळ लिहिली, तर यंत्र ती आज्ञा समजण्याचा धोका असतो. माणूस परीक्षक अशी ओळ वाचून हसेल आणि कदाचित वरिष्ठांना कळवेल.

चौथी अडचण आपल्या घरची आहे. ही मॉडेल्स मुख्यतः इंग्रजीवर वाढलेली आहेत. मराठी त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडी आलेली आहे, आणि जी आली ती छापील, शहरी मराठी. सिंधुदुर्गातलं मूल निबंधात 'झील' लिहून जातं, विदर्भातलं 'पोट्टा' लिहून जातं. खानदेशातल्या घरात अहिराणी बोलली जाते, तिची वाक्यरचना लेखनात उतरते. तिथल्या शिक्षकाला कळतं की मुलाला मुद्दा समजलाय, बोली मध्ये आली आहे. विज्ञानाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर अनुभवी परीक्षक तिकडे बघत नाही. यंत्राला हे सगळं कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर ते खरंच पाळतं का हे तपासावं लागतं. त्यात हस्ताक्षराचा प्रश्न आहेच. मुलाने लिहिलेलं वाचतानाच यंत्राने चूक केली, तर पुढचं सगळं मूल्यमापन भलत्याच उत्तराचं होतं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी दहावीला बसलंय, अशा मुलाचं यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. त्याची भाषा यंत्राच्या ओळखीची नाही, आणि दाद कुठे मागायची हेही त्याला माहीत नाही.

आता इंग्लंडकडे जाऊ. २०२० साली कोविडमुळे तिथल्या ए-लेव्हलच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजे श्रेणी कळवली. शिक्षक सढळ हाताने देतात म्हणून परीक्षा नियामक संस्था ऑफक्वालने एक गणिती सूत्र वापरलं. त्यात शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांना मोठं वजन होतं. १३ ऑगस्टला निकाल लागला, आणि शिक्षकांनी दिलेल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या होत्या. जिथे विषयाला विद्यार्थी अगदी थोडे, तिथे शिक्षकांच्याच श्रेणी राहिल्या. अशा लहान तुकड्या खासगी शाळांत जास्त, म्हणून फायदा तिकडे गेला. मुलं रस्त्यावर आली. चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला ते सूत्र मागे घ्यावं लागलं.

हे सूत्र आजच्या अर्थाने एआय नव्हतं, साधं संख्याशास्त्र होतं. पण धडा तोच आहे. देशाची सरासरी त्या सूत्राने नीट सांभाळली. प्रश्न असा, की सरासरीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा नसतो. तो एका मुलीला घ्यायचा असतो. ती विचारते, 'माझी श्रेणी का उतरली?' उत्तर मिळतं, 'तुझ्या शाळेचे आधीचे निकाल तसे होते.' हे कारण आहे, पण ते तिच्याबद्दलचं नाही. तिने काय लिहिलं, तिला काय येतं, याचा त्यात उल्लेखच नाही.

इथे आपण मुख्य मुद्द्यावर येतो. गुण हे विधान आहे. 'या मुलाला हे एवढं येतं' असं आपण जाहीरपणे म्हणतो, आणि त्यावर त्याचं पुढचं ठरतं. जो विधान करतो त्याला जबाब देता आला पाहिजे. जबाबदार या शब्दाचा अर्थच तो आहे, जबाब देणारा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली असा निर्णय दिला, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात येणारी माहिती आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहायचा हक्क आहे. या हक्काचा गाभा काय? मुलाने उत्तरपत्रिका उघडून 'इथे दोन गुण का कापले' असं विचारावं आणि समोर कुणीतरी असावं, ज्याला त्याचं उत्तर देणं भाग आहे. यंत्र कारणांची यादी छापून देईल. पण त्या यादीमागे उभं राहणारं कुणी नसेल, तर तो जबाब नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनासाठीची एआय 'उच्च जोखमीची' धरली आहे आणि तिच्यावर माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे, ती याच विचाराने.

घाई केली तर काय होतं, हे आपण जवळून पाहिलं आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. तपासणारी माणसंच होती, एआयचा संबंध नव्हता. तरी पुरेशी तयारी नसल्यामुळे निकाल महिनोनमहिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. नुसती कागदावरून पडद्यावर उडी मारताना हे झालं. पडद्यावरून यंत्राकडे जाताना किती जपून जावं लागेल, याचा विचार करा.

मग एआय नकोच का? तसं आम्ही म्हणत नाही. तिची जागा बदला, एवढंच म्हणतो. तीन जागा सुचवतो.

पहिली जागा, दुसरा परीक्षक. माणसाने तपासावं आणि यंत्रानेही स्वतंत्रपणे तपासावं. दोघांत मोठा फरक पडला की ती उत्तरपत्रिका नियामकाकडे. आज नियामक काही निवडक पेपर पाहतो. यंत्र प्रत्येक पेपर पाहून 'इथे पुन्हा बघा' असं सांगू शकेल. एजवर्थने दाखवलेला दोष त्याने कमी होईल, आणि गुणांखाली सही माणसाचीच राहील.

दुसरी जागा, प्रश्नपत्रिका. कोणता प्रश्न हुशार मुलांनाही संदिग्ध वाटला, कोणता सगळ्यांनाच आला म्हणून काहीच सांगत नाही, हे हजारो उत्तरांवरून यंत्र लवकर दाखवतं. परीक्षेत मुलांचीच परीक्षा होते, प्रश्नांची होत नाही. ती व्हायला हवी.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, ती वर्गातली. समजा एका वर्गात साठ मुलं आहेत. अपूर्णांकांची बेरीज दिली, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. काही मुलांनी दोन पंचमांश असं उत्तर काढलं. ही निष्काळजीपणाची चूक नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचे अशी त्यांची पक्की समजूत आहे. काहींना रीत कळली आहे, फक्त गुणाकार चुकला. दोघांच्या वहीत लाल फुली एकसारखीच पडते! साठ वह्यांतून या दोन गटांना वेगळं काढायला शिक्षकाला वेळ नसतो. यंत्र ते पाच मिनिटांत करू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक पहिल्या गटाला जवळ बसवून भाकरीचे तुकडे करून दाखवू शकतो.

इथे गुण द्यायची गरजही नाही. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्यांनी गुण पाहिले आणि शेरा सोडून दिला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घोकंपट्टीच्या परीक्षेकडून शिकण्याला मदत करणाऱ्या मूल्यमापनाकडे जायची भाषा आहे. यंत्राचा खरा उपयोग तिथे आहे. वर्षभर शेरे लिहायला त्याने शिक्षकाला मदत करावी. शेरा चुकला तर शिक्षक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करेल. दहावीचा निकाल चुकला तर दुरुस्त करायला दुसरा दिवस नसतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन इथे देत आहोत.

प्रश्न : यंत्राला जात, धर्म, नाव दिसत नाही. निदान पक्षपात तरी टळेल ना?

उत्तर : नाव झाकलं तर माणसाच्या बाबतीतही बराचसा टळतो, म्हणून तर बैठक क्रमांक असतो. पण यंत्र शिकतं कशावरून? आपण आधी दिलेल्या गुणांवरून आणि आपण आधी लिहिलेल्या भाषेवरून. आपण शहरी भाषेला वर्षानुवर्षे झुकतं माप दिलं असेल, तर यंत्र तेच उचलेल आणि दर वेळी न थकता देईल. एका परीक्षकाचा कल दुसऱ्या परीक्षकामुळे थोडा तरी भरून निघतो. सगळ्यांना एकच यंत्र असेल, तर एकच कल सगळ्या राज्याला लागतो. म्हणून वापरण्याआधी ते जिल्हावार, बोलीवार तपासावं, आणि काय आढळलं ते जाहीर करावं.

प्रश्न : आम्ही शिक्षक आहोत. मुलं प्रकल्प एआयकडून लिहून आणतात. ते पकडायला एआयच वापरावं का?

उत्तर : जपून. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे शोधक तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्या शोधकांनी यंत्राचे ठरवले. त्याच वर्षी ओपनएआय कंपनीने अचूकता कमी म्हणून स्वतःचा शोधक मागे घेतला. साधी भाषा लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलावर चोरीचा आळ येणं, हे कॉपी सुटण्यापेक्षा वाईट आहे. आपल्याकडे जुना उपाय आहे, तोंडी परीक्षा. मुलाला प्रकल्प घेऊन समोर बसवा आणि तीन प्रश्न विचारा. हे का लिहिलंस? हे कुठून आलं? हे बदललं तर काय होईल? ज्याने विचार केलाय तो अडखळत का होईना, बोलेल. साठ मुलांना हे कसं जमवायचं, असं तुम्ही विचाराल. रोज दोन मुलं घेतलीत तर एका सत्रात वर्ग पूर्ण होतो. तेवढा वेळ शिक्षकाला मोकळा करून देता आला, तर एआय शाळेत आणल्याचं सार्थक झालं असं आपण म्हणू.